घराला लागलेली तहान

झानडम, १४ सप्टेंबर

ती. लॅम्बर्ट दाजींना एव्हर्टचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईच्या मधमाश्या बऱ्या असतील असं धरून चालतो. मी आणि हेडविग ठीक. घर मात्र ठीक नाही.

मे महिन्यात स्वयंपाकघराचं दार अडू लागलं. रंधा मारला, पंधरवड्यात पुन्हा अडलं. मग सामाईक भिंतीवर पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग दिसली. (तिच्यावर काचेची पट्टी चिकटवली, अठराव्या दिवशी तडकली, म्हणजे भेग वाढत होती. मी अंदाजानं बोलत नसतो.) जमिनीवर ठेवलेला वाटाणा त्याच भिंतीकडे घरंगळे, म्हणजे दोष पलीकडच्या आल्त्येबाईंचा. वय त्र्याऐंशी, चाळीस उन्हाळे पिंपातलं पावसाचं पाणी भिंतीच्या मुळाशी ओतत आल्या आहेत. बाई, घराच्या पायाचे लाकडी खांब कुजतील, असं मी किती वेळा बजावलं. त्यांचं एकच: ‘‘एव्हर्ट, घरालाही तहान लागते रे.’’ मी मात्र फरशीखाली स्वतः पंप बसवून अकरा वर्षं तळ खडखडीत कोरडा ठेवला होता. (नकाशे माझेच.)

त्यांची चूक सिद्ध करायला पाया तपासणारा बोलावला. त्यानं खड्डा खणला. आमच्या रांगेतल्या खांबाच्या डोक्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, पावात जावा तसा. हातभर पलीकडे आल्त्येबाईंची रांग: ओली, काळी, एकशेसोळा वर्षांची, अंगावर साल अजून शाबूत. हातोडा मारला तर खणखणीत वाजली. दाजी, पाण्यात बुडालेलं लाकूड मरत नाही. त्याला वारा लागला की ते मरतं. आपलं अख्खं गाव एका बुडालेल्या जंगलाच्या शेंड्यांवर उभं आहे आणि मी त्यावर बूट घालून हिंडत होतो. त्या सालीवर हात ठेवून किती वेळ बसलो होतो, ते हेडविगला विचारा. तिनं घड्याळ लावलं होतं.

तपासनिसानं विचारलं, ‘‘पंप कुणाचा?’’ आल्त्येबाई खड्ड्यात वाकून बघत होत्या. म्हणाल्या, ‘‘कॉफी टाकते.’’

भिंत दोघांची, त्यामुळे त्यांच्या सहीशिवाय नवे खांब ठोकता येत नाहीत आणि हिवाळ्यापूर्वी ते ठोकले नाहीत तर घर रिकामं करावं लागेल. त्यांनी सही केली. अट एकच: यापुढे बादल्या मी वाहायच्या. रोज सहा वाहतो. (भरलेल्या.)

तुमचा,
एव्हर्ट

ता. क. तुमच्या साठीला मी हट्टानं तुमच्या फरशीखाली बसवून दिलेला पंप आजच बंद करा. कारण ताईला मी येऊन सांगेन.

आणखी ता. क. ईस्टरला ताई म्हणाली होती, मागचं दार अडतं. मी बिजागरीला तेल घालायला सांगितलं होतं. तेल राहू द्या. पाणी घाला.