काकांची डावी बाजू

मंगळवार, संध्याकाळ

आज थेरपी सेंटरवरून कल्याण स्टेशनपर्यंत एकटीच हसत आले. टिटवाळ्याच्या सावंतकाकांना स्ट्रोकनंतर डावी बाजू जाणवतच नाही. नजर चांगली आहे, पण ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. म्हणून थेरपीत जेवणाचा सराव करताना मी भाजीची वाटी डावीकडे ठेवते आणि काकूंनाही मुद्दाम तिकडेच बसवते. महिनाभर काकांनी तिकडे वळून पाहिलं नाही. माझंच काही चुकतंय का, असं कालसुद्धा वाटलेलं.

आज चपाती हातात धरून काका भाजी शोधत हळूहळू डावीकडे वळले. आधी भाजी दिसली, मग काकू.

"अगं, तू कधी आलीस?"

"महिना झाला, इथंच बसतेय," काकू म्हणाल्या. त्यांना हसू आवरेना.

काकांनी भाजीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "मग जेवलीस का?"