आईचं नाव विचारणारी बाई

डिमोना (इस्राएल), १२ नोव्हेंबर १९६२
पुन्हा आली! तीच रुमानियाची बतशेवा, सरकारी कचेरीतली. म्हाताऱ्यांना दरमहा भत्ता मिळतो म्हणे, नुसता अर्ज भरायचा. माझं नाव विचारलं — हाना, सांगितलं. गाव विचारलं — अलिबागजवळचं, तेही सांगितलं. मग पेन तसंच धरून, "आईचं नाव?"

माझ्या आईशी हिला काय करायचंय! ती जाऊन पंचवीस वर्षं झाली, ती काय भत्ता मागायला येणार आहे? डोकं दुखतंय म्हणून बाईला वाटेला लावलं.

१४ नोव्हेंबर
शेजारची हिल्डा म्हणते, "अगो हानाबाई, मी भरला ना फॉर्म! हक्काचे पैसे, भीक नाय ती." हिल्डा भोळी आहे. हल्ली इथले रब्बी, यहुदी धर्मगुरू, आपल्या बेने इस्राएल मुलींची लग्नं अडवतात. आई यहुदी तरच पोर यहुदी, म्हणे. आधी आईचं नाव, मग आईच्या आईचं, खोदत खोदत वर जातात. कचेरीचे कागद रब्बीकडे जात नाहीत, हे कोणी पाहिलंय?

१५ नोव्हेंबर
कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. माझी आजी — आईची आई — जन्माने बेने इस्राएल नव्हती, यहुदीच नव्हती. भंडारी जातीच्या घरची मुलगी. पंगतीत तिला वेगळं बसवून वाढत. आम्हां पोरांना मिश्र रक्ताचे म्हणून 'काळे इस्राएल' म्हणत. मुंबईला आलो तेव्हा आईने ते सगळं गावातच ठेवलं.

आणि आता माझी नात रूती! अश्दोदला नोकरी करते, पोलंडवाल्या झेएवशी लग्न ठरवून बसली आहे. तिची आई, माझी लेक, मुंबईतच वारली. तेव्हा विचारतील ते मलाच. माझ्या तोंडून एक नाव निघालं की पोरीचं लग्न मोडलं. भत्ता गेला खड्ड्यात!

२० जानेवारी १९६३
थंडी. रॉकेल संपलं. दोन्ही लुगडी अंगावर.

३ मार्च
हिल्डाचा नवरा योसेफ दुखण्यातून उठला म्हणून तिच्याकडे एलियाहू हन्नबीच्या नवसाचा मलिदा, गोड पोहे. मी तीन वाट्या खाल्ल्या. तिसऱ्या वाटीला हिल्डाने माझ्याकडे पाहिलं. "घरात काय शिजवलंस?" म्हटलं, आमटी-भात. कशाला विचारते? कचेरीला कळवायला? भोळी आहे की भोळेपणा दाखवते?

घरी येऊन लाज वाटली. पण पोट भरलं होतं.

९ डिसेंबर
रूती आली होती. आजीला इथल्यासारखं सबता म्हणते. "सबता, वाळलीस गं." बाकी सगळं हिब्रूत, भराभर. लग्न कधी, विचारलं तर खिडकीबाहेर बघते. अडलंय नक्की! कोण बोललं? मी तर हिल्डापाशी कधी बोलून गेले नाही ना? आठवून आठवून थकले.

२ फेब्रुवारी १९६४
बतशेवा दारात. किती वेळ ठोठावत होती! मी खाटेवर, श्वास रोखून. दिवसभरात एक पाव आणि चहा. चक्कर येते आहे.

११ मार्च
रूतीचं पत्र. हिब्रूत — मराठी बोलते, पण लिहिता येत नाही. एरवी हिल्डा वाचून दाखवते, ती आठवडाभर लोदला लेकीकडे. संध्याकाळी बतशेवा हजर! पत्र हिच्या हातात द्यायचं? छे! उद्या या म्हटलं.

१२ मार्च
राहवलं नाही. दिलं पत्र. बतशेवाने सावकाश वाचलं, तेवढी हिब्रू मला कळते; मी दोनदा वाचून घेतलं. रूती-झेएवने महिन्यापूर्वी सायप्रसला जाऊन सरकारी लग्न केलं. कुठल्या रब्बीला विचारलंच नाही! खाली लिहिलंय — "सबता, तुझ्या आजीचं मला लहानपणापासून ठाऊक आहे. पणजीने, म्हणजे तुझ्या आईनेच, माझ्या आईला सांगितलं, आईने मला. झेएवला मी पहिल्याच महिन्यात सांगितलं."

खूप रडले, परक्या बाईसमोर. मग तिने बिचकत अर्ज काढला. आईचं नाव सांगितलं, मिलका. आजीचं तिने विचारलं नव्हतं. तेही सांगितलं, माहेरचंच — गोदा!