दोन चोचींचं बदक

रविवार, १४ सप्टेंबर
दुपारी

प्रिय दादा,

नमस्कार. इतके दिवस गप्प राहिले, त्याबद्दल आधी माफी मागते. तुझे फोन मी घेतले नाहीत, आणि घेतले तेव्हा ‘आत्ता प्रयोगशाळेत आहे, मग बोलते’ म्हणून ठेवून दिले. तो ‘मग’ आज उजाडला, तोही पत्रातून. फोनवर बोलायचं धाडस नाही असं नाही. पण फोनवर मी काही सांगायला लागले की तू लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणतोस, आणि मी लगेच जाऊ देते. कागदाला तशी सवय नाही.

इकडे सगळं ठीक आहे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत. घरमालकाने जिना रंगवून घेतला, अगदी हॉस्पिटलच्या भिंतीसारखा हिरवा. आई म्हणाली, “बरं झालं, आता पाय घसरला तर फार लांब आल्यासारखं वाटायचं नाही.” वहिनीचा गुडघा कसा आहे? आईसाठी केलेल्या खोलीला रंग दिल्याचा फोटो तिने पाठवला होता, तो पाहिला. छान उजेड येतोय. खिडकीपाशी खुर्ची ठेवली आहे, तीही पाहिली. त्या फोटोला मी उत्तर दिलं नाही, म्हणून वहिनीला राग आला असेल. तिला सांग, तिचं काही चुकलं नाही.

मी लिहितेय आणि शेजारच्या खोलीत आई लोकर आवरतेय. तिने दोन ढीग केलेत. एक द्यायचा, एक टाकायचा. तुझ्याकडे न्यायचा ढीग नाहीच. मघाशी तिने विचारलं, “हा पिवळा गुंडा कुणाला देऊ गं?” मी म्हटलं, राहू दे की तुला. तर म्हणाली, “मला कशाला? पुन्हा कुणाला उसवायला लावू?”

आता कॉम्प्युटरचं सांगते. तू म्हणशील, हे मधेच काय. पण तेच सांगायला बसलेय.

तुझ्या जुन्या ऑफिसने मोडीत काढलेला, तू आईला आणून दिलेला तो कॉम्प्युटर. उन्हाळ्यात तो फार रेंगाळायला लागला होता. आईचा विणकामाच्या नमुन्यांचा प्रोग्राम त्याच्यावरच चालतो, नव्या मशीनवर चालत नाही. दुरुस्तीवाल्याने झाकण न उघडताच निकाल दिला, “काकू, भंगारात द्या.” आईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, थांब, नुसती मेमरी वाढवली तरी पळेल. तुला माहीत आहे मी कशी आहे ते. कुणी ‘होणार नाही’ म्हटलं की माझे हात शिवशिवतात.

रॅमची एक वापरलेली पट्टी मागवली. बसवली आणि बटण दाबलं, तर पडदा काळा आणि आतून लांब लांब शिट्ट्या. आई म्हणाली, “कुकर लावलायस का?” मी पट्टी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, दोन्ही बाजूंच्या खटक्या टक्कन बसेपर्यंत दाबली. पुन्हा शिट्ट्या. मग एकेक पट्टी लावून पाहिली. जुनी एकटी लावली की सुरू व्हायचं, दर वेळी. नवी एकटी लावली तर एकदा सुरू झालं, एकदा नाही. शेवटी दोघींच्या खाचा बदलल्या आणि मशीन सुरू झालं. आईने टाळ्या वाजवल्या. मला अगदी डॉक्टर झाल्यासारखं वाटलं.

‘एकदा सुरू झालं, एकदा नाही’ हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही. आमच्या पाणी तपासणीत असा नमुना आला, की एकदा एक आकडा आणि एकदा दुसरा, तर मी तो पुन्हा तपासल्याशिवाय सही करत नाही. हाताखालच्या मुलींना त्यावरून किती बोलते. मेमरी तपासायचा प्रोग्रामही असतो, मला ठाऊक होतं. पण त्याला काही तास लागतात, आणि मला माझ्या घरी जायचं होतं. निघताना आईने विचारलं, “आता काही बिघडणार नाही ना?” मी म्हटलं, “माणसाचं चुकतं गं आई, यंत्राचं नाही.” हे वाक्य मी तिला दिलं. तिने ते जपून ठेवलं.

पुढचं तुला अर्धं माहीत आहे. आईकडून स्वेटरचे नमुने घेणाऱ्या लोकरवाल्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी तिथेच होते. “बाई, तुमच्या बदकाला दुसरी चोच फुटलीय. एकीने पोट भरत नव्हतं का त्याचं?” आई खूप हसली. नमुन्यात दर टाक्याला एक चौकट असते, त्यात बदकाच्या डोक्यावर एक नारिंगी चौकट जास्तीची पडली होती. त्यांच्या विणणाऱ्या बायका चौकटी मोजून विणतात, विचार करत नाहीत, त्यामुळे एका गटाच्या सगळ्या स्वेटरांवर दोन चोचींची बदकं आली. ती उसवावी लागली. दुसऱ्यांदा नागमोडी किनारीतला एक टाका भलत्याच ओळीत गेला. त्या वेळी आई हसली नाही. तिने स्वतः दुकानात जाऊन माफी मागितली. तिसऱ्यांदा त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं, “आता आराम करा बाई. खूप केलंत.” आणि काम दुसऱ्या कुणाला दिलं.

तिथून ती बदलली. तुला फोनवर मी सांगितलं ते खोटं नव्हतं. गॅस बंद केला का हे ती खरंच दोन-दोनदा विचारते. दाराला कुलूप लावून पुन्हा वर चढते. पण दादा, गॅस दर वेळी बंद असतो आणि कुलूप दर वेळी लागलेलं असतं. हे मी तुला सांगितलं नाही. न झालेल्या चुकासुद्धा ती शोधायला लागली आहे. डॉक्टरांनी तिला आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवली आणि वयाच्या मानाने उत्तम आहे म्हणाले. तर बाहेर येऊन ती म्हणते, “त्यांनी सोपं विचारलं गं. बदक विचारायला हवं होतं.”

परवा मी तिचे नमुने तुझ्याकडे द्यायला म्हणून छापत होते. बदकाचा कागद प्रिंटरमध्ये चुरगळला, म्हणून तोच नमुना पुन्हा छापला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकावर जास्तीची चोच डोक्यावर, दुसऱ्यावर शेपटीपाशी. मधल्या वेळात कीबोर्डला कुणी हात लावला नव्हता. आई तर गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

तुला तिची पद्धत आठवते का? ती आधी मनाने विणते. एक तुकडा विणून झाला की तो मांडीवर घेऊन टाके मोजते आणि मग कॉम्प्युटरवर चौकटी भरते. छापलेल्या कागदावरून ती स्वतः कधीच विणत नाही, म्हणून तिला काही दिसायची सोयच नव्हती. बदकाचा तो तुकडा मी डब्यातून शोधून काढला. एक चोच. नीट, तिच्या जागी. मी मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. पडदा लाल ओळींनी भरला. माझी पट्टी काढून नुसती जुनी ठेवली तर एकही लाल ओळ नाही. माझी पट्टी या खाचेत घाल नाहीतर त्या खाचेत, लाल.

म्हणजे आईने एकही चौकट चुकीची भरली नव्हती. तिचं काम माझी पट्टी बिघडवत होती.

इथवर लिहिलं तोच आई चहा घेऊन आली. मी पत्रावर वर्तमानपत्र टाकलं. तिने ते पाहिलं. “दादाला लिहितेयस ना? माझी पांघरुणं जड आहेत म्हणावं, गाडीत मागे जागा ठेव.” आणि गेली.

वर मी ‘परवा’ लिहिलंय, ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. परवा नाही दादा, महिना होत आला.

त्या दिवशी मी ती पट्टी काढली आणि पर्सच्या चिल्लरच्या कप्प्यात टाकली. मशीनचं झाकण लावलं. आई कपड्यांची रिकामी बादली घेऊन आत आली, म्हणाली, “काय करतेयस त्याचं? पुसून ठेव. तुझ्या कुणी मैत्रिणीला लागलं तर देऊन टाक.” मी तेव्हा बोलायला तोंड उघडलं होतं. आणि ती म्हणाली, “बरं झालं वेळेवर कळलं. यंत्र कशाला खोटं बोलेल? माझंच डोकं.” माझंच वाक्य होतं. मी तोंड मिटलं.

का मिटलं, हे मी स्वतःला रोज विचारते. पहिल्यांदा मला वाटलं, लाज. मला सगळं येतं असा माझा तोरा आहे, तो गेला असता. तसं असतं तर बरं झालं असतं, लाजेला क्षमा असते. पण ते खरं कारण नाही. त्याच्या आदल्या दिवशीच तू म्हणाला होतास, “मग आईला माझ्याकडेच आणतो. असं एकटं ठेवणं बरोबर नाही.” आणि फोन ठेवल्यावर मी जिन्यातच बसून राहिले, इतकं मला हलकं वाटत होतं. कामावरून परस्पर स्वतःच्या घरी जायचं. रविवार स्वतःचा. कुणी आजारी पडलं तर पहिला फोन मला नाही. दुसऱ्याच दिवशी ते दोन कागद हातात आले. मला कळलं की हे सांगितलं तर तू तिला न्यायचा नाहीस. न्यायचं कारणच उरणार नाही.

म्हणून मी गप्प बसले. तुम्ही खोली रंगवलीत, पलंग आणलात, आणि मी गप्प. आईने सुया शेजारच्या सुनेला देऊन टाकल्या, तेव्हा मी तिथेच उभी होते. ती म्हणाली, “बारीक सुई जपून वापर हं, वाकलीय थोडी, पण तिच्यावर हात बसलाय.” मी पिशवी धरली होती, त्या सुया ठेवायला.

वाईट याचं वाटतं की मी हे मागूनही घेऊ शकले असते. मी दमलेय. वडील गेल्यापासून इथलं सगळं एकटी पाहतेय, आणि आता माझ्याने होत नाही. एवढं म्हणायचं होतं. तू ऐकलं असतंस. कदाचित थोडा चिडला असतास, पण ऐकलं असतंस. ते म्हणायची मला हिंमत झाली नाही, म्हणून मी आईच्या डोक्यावर आळ येऊ दिला. मी दमले आहे हे खरं आहे. आईचं डोकं चालत नाही हे खोटं आहे. दोन्हींचा परिणाम एकच होणार होता, म्हणून मी खऱ्याच्या जागी खोटं चालवून घेतलं.

पुढच्या रविवारी तू गाडी घेऊन येणार आहेस. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. ये. पण न्यायला म्हणून येऊ नकोस, बोलायला ये. तिला यायचं असेल तर ती येईल. पण ती तुझ्या घरी स्वतःला निकामी समजून खिडकीपाशी बसणार असेल, तर त्या खुर्चीत तिला मी बसवलंय, आणि ते मला सहन होणार नाही. तिला इथंच राहायचं असेल तर माझ्या दमण्याचं काय करायचं, ते आपण दोघं मिळून पाहू. त्यात तुझा वाटा मी या वेळी तोंडाने मागेन. लोकरवाल्यांकडे मी स्वतः जाणार आहे, बदकाचे दोन्ही कागद आणि आईने विणलेला तुकडा घेऊन. ते काम परत देतील की नाही, माहीत नाही. सुया परत मागायला मात्र जाईनच, शेजारीण काय म्हणेल ते म्हणो.

वहिनीला हे पत्र वाचायला दे. तिने भिंतींचा रंग हौसेने निवडला होता.

आता पाकीट चिकटवायला घेतलं होतं, आणि हात थांबला. हे सगळं मी तुला लिहिलं. तुला सांगणं सोपं होतं, तू लांब आहेस. तुझं उत्तर येणार, मग आपण दोघं काहीतरी ठरवणार, आणि मग शेवटी तिला कळवणार. हेच तर आपण तिच्याशी इतके दिवस करत आलो. ती आत आहे. पिवळा गुंडा तिने अजून कुठल्याच ढिगात टाकलेला नाही, दारातून दिसतोय, मांडीवर आहे. मी आत्ताच उठायला हवं. पण शेजारची सून बसायला आलीय, आणि खरं सांगू, मला तेवढ्या निमित्ताने बरं वाटलं. ते बरं वाटणंही इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या दुसरं निमित्त सापडायला नको.

तुझी,
जिला तू अजून लहान समजतोस ती

उद्या: सुट्टी टाकून, पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र आईला तिच्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसवून पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणे.