कॅमेऱ्याचं कपाळ

डोंबिवली,
२० ऑक्टोबर १९५३

ती. गुरुमामास,
शुभदाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला पेटीकॅमेरा मिळाला. दसऱ्याला आईने विळी, बाबांची दौत आणि कॅमेरा यांची एकत्र पूजा केली, मगच मला हात लावू दिला. तेव्हापासून मी सगळं त्याच्या वरच्या छोट्या काचेतच बघते. पिकलेला भात, खाडीकडे जाणारी बैलगाडी, वाळत घातलेलं लुगडं. मामा, झोपेत चालल्यासारखं वाटतं रे!

आई फोटोला नको नको म्हणत होती. मागे सरकता सरकता मी घंगाळातच बसले, पण खटका दाबला. बाबा म्हणतात की फोटो बिघडले तर भाऊबीजेला कॅमेरा परत. मला तो द्यायचा नाही. रोल बाबांबरोबर पाठवते आहे.

तुझी लाडकी (आहे ना?),
शुभदा

ठाणे,
२७ ऑक्टोबर १९५३

चि. शुभदास अनेक आशीर्वाद.

न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावून, दिव्याला तांबडा कागद गुंडाळून रोल धुतला. आठही फोटो धुक्यात! भात, गाडी, सगळं दुधात बुडवल्यासारखं. ताईने पूजेचं गंध पुढच्या काचेलाच लावलं असणार, कॅमेऱ्याचं कपाळ समजून. मऊ फडक्याने पूस.

पण एका फोटोत ताई हसते आहे. मी फोटो काढताना ती दर वेळी शाळा तपासायला साहेब आल्यासारखी ताठ बसते. मला फार आनंद झाला, पोरी. फोटो सोबत आहेत. बाबांना सगळे दाखव, लपवू नकोस. कॅमेऱ्याचं त्यांनाच ठरवू दे.

तुझा,
गुरुमामा

डोंबिवली,
१ नोव्हेंबर १९५३

चि. गुरुदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काच मीच माखली. कॅमेऱ्याचा डोळा कुठे नि कपाळ कुठे, मला काय ठाऊक? शुभदाने रडत रडत कॅमेरा आणि फोटो ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी एकेक फोटो बघितला आणि माझ्या फोटोवर येऊन थांबले. मग मला विचारलं की तू अशी हसतेस, हे इतक्या वर्षांत मला कसं दिसलं नाही? माझे डोळे भरून आले.

कॅमेरा इथेच राहतो आहे. भाऊबीजेला येताना नवा रोल आण. ह्यांनी शुभदाला सांगितलंय, पहिला फोटो आम्हा दोघांचा काढायचा. लग्नानंतर आम्ही शेजारी उभे राहिलोच नव्हतो रे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ताई