टसरचा कोट आणि छापील पाऊस

मालवण, ३ ऑक्टोबर १९५७, दसरा
आजपासून रोजनिशी. लग्न ठरेपर्यंत नियमित लिहिणार. वय चौतीस. (आई छत्तीस सांगते. तिला हिशेब येत नाही.) रविवारी होडीने खाडी ओलांडून तोंडवलीला मुलगी पाहायला जायचे. नाव सुगंधा. मुंबईहून शिवून आणलेला टसरचा कोट घालणार. त्यावर पाण्याचा थेंबही डाग पाडतो, म्हणून हवामान शास्त्रीय पद्धतीने बघणार. भाईंच्या दुकानात मुंबईचा पेपर येतो. तिसऱ्या दिवशी पोचतो, पण छापील ते छापील.

५ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळी
पेपर आला. ‘येत्या चोवीस तासांत कोकणात गडगडाटासह पाऊस.’ बेत रद्द, तोंडवलीला निरोप. होडीवाला बाबली म्हणाला, “पावस काल पडान गेलो. आता उद्या खंयचो?” अडाणी माणूस.

६ ऑक्टोबर
रखरखीत ऊन. शेजारच्या राधाबाईने अंगणभर मासळी सुकत घातली. कोटाला वास. शी! हवामानवाले पगार कसला घेतात?

१२ ऑक्टोबर, शनिवार
‘हवा कोरडी राहील.’ छान. उद्या नक्की. कोटावर छत्री शोभत नाही, नेणार नाही.

१३ ऑक्टोबर
होडी खाडीच्या मधोमध आणि आभाळ फुटले. होडीच्या तळाला मासळीचे घाण पाणी, त्यात माझे नवे बूट. कोटाचे पोतेरे. बाबली इरले पांघरून खुशाल वल्ही मारत होता. मी होडी परत फिरवायला लावली. तो म्हणाला, “थंय माणसां वाट बघतत. भिजलेलो न्हवरो चलता!” पलीकडे सुगंधाचे वडील गंगाराम छत्री घेऊन उभे होते. मी त्यांना दिसलो नसेन. हात हलवत होते, ते दुसऱ्या कुणाला तरी असेल. सगळ्याची किळस आली.

१९ ऑक्टोबर, शनिवार
पेपरात पाऊस. या वेळी फसणार नाही. आई म्हणाली, “मिठाचो आसस काय रे, विरघळूक?”

२० ऑक्टोबर
ढग औषधालाही नाही. थू!

२८ ऑक्टोबर
सुगंधाचे जमले. मुलगा शिवा, फोंडाघाटच्या बाजारात सुकी मासळी विकतो. तेरा तारखेला मासळी न्यायला तोंडवलीत आला होता. पावसात भिजला म्हणून गंगारामांनी त्याला घरात घेतला, माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर बसवला. माझे पोहे त्याने खाल्ले. मासळीवाला! असल्या घरात मला रस नव्हताच.

२५ नोव्हेंबर
आई काल तोंडवलीला लग्नाला गेली होती. मी गेलो नाही, सर्दीची शक्यता होती. आज परतली. लाडू कागदात बांधून आणले. कागद ओळखीचा वाटला. ‘येत्या चोवीस तासांत हवा कोरडी राहील.’ माझाच अंदाज! वर तारीख, १० ऑक्टोबर.
मी तो वाचला बारा तारखेला. म्हणजे कोरडी हवा अकरा तारखेची. बोटांवर मोजले. परत मोजले. पाच तारखेच्या पेपराचेही तेच. एकोणीसचेही.
आईला कागद दाखवला. तिने तो नीट घडी करून ठेवला. म्हणाली, “माका वाटला, तुका ठावक आसा. तुका जावचाच नाय, म्हणान निमित्त काढतस.”
लाडू खाल्ला. चांगला झाला होता.
रोजनिशी बंद.