तळाची डावीकडची तिसरी फळी

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, पाणीपुरवठा कचेरीत कनिष्ठ लिपिक, राहणार टाकीमागच्या गल्लीतले शेवटचे घर, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. ताप नाही. कोणी धाक घातलेला नाही, उलट "कशाला असलं अभद्र लिहितेस?" म्हणून सगळ्यांनी अडवलेच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आज करण्याचे कारण एवढेच की मी घरी बांधलेली होडी उद्या, रविवारी, तलावात उतरवायची आहे आणि मला बेताचेच पोहता येते.

आमच्या घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, आणि अजून तरी एकटीच. अर्ज, नोटिसा, औषधाच्या बाटल्या, सगळे मीच वाचते. मी गेल्यावर हा कागद वाचायला घरात कोणी उरणार नाही. म्हणून तो औषधाच्या दुकानातल्या ताईंकडे ठेवावा व त्यांनी मोठ्याने वाचावा. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, त्यामुळे त्या साक्षीदार होऊ शकतात. हे मी कचेरीतल्या वकिलांना दोनदा विचारले आहे.

१. बँकेतली ठेव थोरल्या बहिणीला. मला शाळेत घातले त्याच वर्षी तिला लोकांकडे भांडी घासायला लावले. ही परतफेड नव्हे. त्याची परतफेड होत नसते. ती तलावापलीकडे राहते. बस अख्ख्या तलावाला वळसा घालते, त्यामुळे तिच्याकडे जायला दोन तास लागतात. होडीचे मूळ कारण हे. "छंद म्हणून" असे मी कचेरीत सांगितले होते, ते खरे धरू नये.

२. मागची पडवी आईला परत. दोन वर्षे ती कपडे वाळत घालायला जागा मागत होती आणि मी "पुढच्या महिन्यात" म्हणत होते. होडीवर तिने एकदा गोधडी वाळत टाकली तेव्हा मी आवाज चढवला. ते चुकले.

३. करवत, पटाशा आणि फळ्या आवळून धरायचे सहा शिकंजे बाबांना. मोठा रंधा काकांना कोणत्याही परिस्थितीत देऊ नये. त्यांनी तो दाराचा तळ घासायला नेला, पात्याला खाच पाडून आणला आणि वर म्हणाले, "तुझी होडी काय पळून चाललीय का?"

४. होडी बाबांना. लांबी अकरा फूट, बसायला दोन आडव्या फळ्या, दोन वल्ही. नकाशा वाचनालयातल्या पुस्तकावरून मी उतरवला, लाकूड बाबांनी निवडले. ते तीस वर्षे वखारीत फळ्या वाहतात. फळी खांद्यावर घेतली की सांगत, "ही नको, हिच्या पोटात गाठ आहे." चिरल्यावर गाठ निघायचीच.

५. तळाच्या डावीकडच्या तिसऱ्या फळीबद्दल. फळी वाकवण्याआधी तिच्यावर उकळत्या पाण्यात भिजवलेली पोती तासभर ठेवावी लागतात. त्या दिवशी मला कचेरी गाठायची होती. मी अर्ध्या तासातच शिकंजे आवळले. फळी पुढच्या टोकाला वीतभर तडकली. ती बदलायला हवी होती. मी चिरेत भुसा आणि इपॉक्सीचा गोंद कालवून भरले, घासले, वर तीन हात रंग दिला. बाबा वखारीत होते. आता तिथे काही दिसत नाही. "माझ्या पोरीच्या होडीत थेंब शिरणार नाही," असे बाबांनी साऱ्या वखारीला सांगितले आहे, आणि उद्या पहिल्या फेरीला माझ्यासमोर ते बसणार आहेत. त्यांना अजिबात पोहता येत नाही. चार महिने मी रोज सांगायचे ठरवते आणि रोज गिळते. होडी वापरण्याआधी ही फळी बदलावी.

६. पुस्तके वाचनालयाला.

७. येथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे त्याच दिवशी दुपारी लिहीत आहे.

मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय या घरात कोणताही कागद पुरा होत नाही, हा नियम माझाच. बाबांनी एकदा वाचून न घेतलेल्या कागदावर अंगठा दिला आणि काम गमावून सहा महिने घरी बसले, तेव्हापासूनचा. साक्षीदार आले, चहा झाला, मी वाचायला घेतले. तिसऱ्या कलमाला काका म्हणाले, "लिही, लिही. खाच पण माझ्याच नावावर कर." कलम चार वाचले आणि पान उलटून मी म्हटले, "कलम सहा."

"चारनंतर सहा?" काका म्हणाले. "आम्हाला वाचता येत नाही गं मास्तरीणबाई, मोजता येतं."

मी पाचवे कलम वाचले.

बाबा म्हणाले, "म्हणजे हे मला तू गेल्यावर कळणार होतं?"

"हो."

"होडीत तर मीही असणार होतो. मग ताई वाचून दाखवणार कुणाला?"

मी कागद खाली ठेवला. काकांनी तोंड उघडले, पण आईने त्यांच्याकडे पाहिल्यावर मिटले.

बाबा पडवीत गेले. तळावरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. "कुठं?" मी बोट ठेवले. "रंग छान दिलास," ते म्हणाले. त्यांनी मला आजवर कशालाही 'छान' म्हटले की मी दिवसभर खूश असते. आज तसे झाले नाही. मग त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली. "खरवड."

मी खरवडले. रंगाखाली चीर निघाली. वीतभर होती, आता वीत आणि चार बोटे आहे.

"वखारीतली माणसं उद्या तलावावर येतील. त्यांना काय सांगायचं?" मी विचारले.

"फळी फुटली म्हणून सांगायचं. फळ्या फुटतात. त्यांना इकडेच बोलावतो. वाकवताना धरायला चार हात लागतातच. दोन हातांचं काम नव्हतं ते."

साक्षीदार ताटकळले आहेत, म्हणून हे पुरे करते. कलम चार मी साक्षीदारांसमोर रद्द करत आहे. होडी अजून झालेली नाही, आणि न झालेली वस्तू मला कोणाच्या नावावर करता येत नाही. बाकी कलमे कायम. पाचवेही कायम.

सर्व मजकूर बाबा, आई व काका यांना वाचून दाखवला, काही न गाळता.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार: औषधाच्या दुकानातल्या ताई (सही)
साक्षीदार: शेजारचे निवृत्त कंडक्टर (सही)

ठिकाण: मागची पडवी
दिनांक: अकरा फेब्रुवारी दोन हजार तेवीस, शनिवार, दुपारी साडेचार