छोट्या पातेल्यातलं सूप

अहो,

नव्या वर्षाचं सूप मोठ्या पातेल्यात आहे, तुमच्या घरच्यासारखं नितळ. तांदळाच्या चिकट चौकोनी वड्या आधी भाजा, मग त्यात सोडा. आणि सावकाश खा, घशात अडकली तर पाठ थोपटायला मी घरात नाहीये.

छोट्या पातेल्यातलं माझं आहे. यंदा केंता आणि सूनबाई येणार नाहीत, म्हणून म्हटलं, एकदा माझ्या माहेरचं, ताकामात्सूचं करावं, आई करायची तसं. पांढऱ्या मिसोचं, सोयाबीनचं ते गोडसर वाटण, आणि गोड पुरण भरलेल्या गोल वड्या. लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला मी हेच वाढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हे सूप आहे की खाऊ?" तुम्हीही हसला होतात. त्यानंतर चौतीस वर्षं मी तुमच्याकडचंच करत आले.

आज सकाळी ओट्यापाशी उभी राहून खायला घेतलं. दुसरा घास काही जाईना. मलाच ते गोडमिट्ट लागलं.

मी जरा नदीवर चालून येते. मी यायच्या आत छोटं पातेलं तेवढं रिकामं करून ठेवा. माझ्यानं ते ओतवलं नाही.

चिझुको